मुदतीच्या पलीकडचे मामाजी

आमच्या ह्यांचे मामा भिलाईत होते तोवर दुर्गपासून कुम्हारीपर्यंतच्या एकाही दुकानदाराला वस्तू विकून निवांत झोप लागली नाही, असं मी म्हणते, आणि त्यात अतिशयोक्ती असलीच तर चिमूटभर. बाकीच्या जगात सौदा झाला की गिऱ्हाईक आणि दुकानदार एकमेकांना विसरतात. मामाजींच्या लेखी सौदा म्हणजे सोयरीक. मुलगी दिली की तिच्या दुखण्याखुपण्याला माहेरच्यांनी यायचं, तसं वस्तू दिली की तिच्या दुखण्याला दुकानदारानं यायचं. छत्रीची काडी चांगले तीन पावसाळे काढून मोडली, तरी ते ती छत्री धुऊन, पुसून, धोतराच्या फडक्यात बाळासारखी गुंडाळून दुकानात नेत, अलगद समोर ठेवत आणि म्हणत, "पाहा बरं, हिले काय झालं." पैसे परत मागत नसत, आवाज चढवत नसत. पायरीवर बसून राहत, येणाऱ्याजाणाऱ्याला सरकून वाट देत, आणि कोणी विचारलंच तर छत्रीची प्रकृती सांगत. संध्याकाळपर्यंत दुकानदार काडी बसवून देई, कारण तोवर बाकीची गिऱ्हाइकंही छत्र्या वाकवून पाहू लागलेली असत.

कुम्हारीच्या बाजारात घेतलेलं टरबूज फिकं निघालं, तर अर्धं खाऊन उरलेलं अर्धं पुराव्यादाखल मांडीवर घेऊन ते बसनं परत गेले होते. एका साली पंचांगात पाऊस लिहिलेला आणि आभाळ कोरडं, तर पंचांग घेऊन विकणाऱ्याकडे हजर. तो बिचारा म्हणाला, "बाबूजी, मैंने थोड़े ही लिखा है." मामाजी शांतपणे म्हणाले, "मंग लिवणाऱ्याचा पत्ता दे." इतकंच काय, लग्नानंतर आमचं दोघांचं पहिलं भांडण झालं, तेव्हा आमची पत्रिका जुळवणाऱ्या जोशीबुवांनाही ते जाब विचारून आले. मला हे कळलं तेव्हा राग विसरून मी पदरात तोंड खुपसून हसले, आणि भांडण मिटलं. म्हणजे ती दुरुस्तीही त्यांनीच करून आणली म्हणायची.

पण त्यांना नुसतं चिकट म्हणून सोडून देऊ नका. मामाजी गवंडी होते. पोलादाच्या प्लान्टचं बांधकाम निघालं तेव्हा गोंदियाकडची शेती भावावर टाकून आले, आणि कॉलनीतल्या कितीतरी क्वार्टरांना त्यांची थापी लागली. पावसाळ्यात सुटीच्या दिवशी ते आपण बांधलेल्या घरांपुढे जाऊन उभे राहत आणि दार उघडलं की विचारत, "टपकता है क्या?" ठेकेदार निघून गेलेला, हिशेब मिटलेला, कोणी बोलावलेलं नाही. एका बाईनं चोर समजून झाडू उगारला, तर हे छताकडे पाहतच म्हणाले, "मारो बाई, पर वो कोना गीला दिखता है." आणि खरंच तो कोपरा त्यांनी त्याच दिवशी सिमेंट आणून बुजवला. दुसऱ्याला जो नियम तोच आपल्याला. म्हणून तर त्यांच्यावर रागावता येत नसे.

आता रेडिओचं सांगते, कारण त्यांचे उपकार मला तिथे लागतात. मी भंडाऱ्याकडच्या खेड्यातली, शाळा दुसरीपर्यंत. लग्न होऊन सेक्टर दहामध्ये आले तर रांगेत एक घर तेलुगू, एक बंगाली, एक मल्याळी, समोर पंजाबी. सगळी देवमाणसं, पण हसण्यापलीकडे बोलणार काय? ह्यांची शिफ्ट. मराठी बोलायला एक सासूबाई, आणि त्या कामापुरतंच बोलायच्या. ह्यांना माझी दया आली असावी. दुर्गच्या एका दुकानातून रेडिओ आणला, सहा महिन्यांच्या गॅरंटीचा. पण क्वार्टरला वीजच जोडलेली नव्हती. आज येते, उद्या येते करत उन्हाळा गेला, पावसाळा निघाला. वीज आली तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "पूजा नाई झाली, यंत्राले हात लावाचा नाई." म्हणजे दसरा. दसऱ्याला ह्यांचा पाना, मामाजींची थापी, माझी शिलाई मशीन आणि मधोमध रेडिओ, अशी झेंडूची फुलं वाहून पूजा झाली आणि मग कुठे त्याचा कान पिळला.

नागपूरचं मराठी लागलं. दुपारी एक बाई रोज थोडी थोडी गोष्ट वाचायच्या. आपली भाषा अशी इस्त्री केलेलीही असते, हे मला ठाऊकच नव्हतं. हातात केरसुणी घेऊन मी त्यांच्यामागून एकेक वाक्य म्हणायची. गोष्टीतली मुलगी घर सोडून नदीच्या घाटापर्यंत पोचली, नावाडी "बस" म्हणाला, आणि रेडिओ खरखरून जो गप्प झाला तो झालाच. गॅरंटी मागल्याच आठवड्यात संपलेली. हे म्हणाले, "आता आपलं कोण ऐकते?" सासूबाईंनी तर पेटीत पापड ठेवायचं ठरवूनही टाकलं. मी मामाजींपुढे रडले. म्हटलं, "मामाजी, माझ्याशी दिवसभरात बोलणारी तेवढी एकच बाई होती हो."

त्यांनी फडकं मागितलं. मला म्हणाले, "चाल सूनबाई, दुखणं तुलेच सांगता येईल."

दुकानदार दुर्गचा जुना मराठी माणूस, बोलायला गोड. कागद पाहून म्हणाला, "मुदत संपली हो काका. कंपनीचा नियम आहे, माझ्या हातात काय आहे?"

"कंपनीले मी नाई ओळखत. पेटी तुमी देली."

"पण सहा महिने झाले ना!"

"कोणाचे झाले शेटजी? भिंतीवरच्या कॅलेंडरचे झाले. रेडिओ तं झोपूनच होता. वाजला नाई तं झिजला कावून?"

"असं प्रत्येकाचं ऐकलं तर दुकान बंद करावं लागेल."

"आयका मंग. आमी बसून हाओ."

आम्ही पायरीवर बसलो. मी संकोचानं अर्धी झालेली. दुपारी दुकानदारानं चहा पाठवला आणि चेष्टेनं विचारलं, "काका, तुम्ही बांधता त्या छताची गॅरंटी किती?" मामाजी म्हणाले, "माह्या पायानं शिडी चढता येते तोवर." दुकानदार हसता हसता थांबला. बोरसीला त्यानं नवीन घर बांधलं होतं, वर्ष उलटलं आणि छत गळायला लागलं. ठेकेदार म्हणे, वर्षाचीच बोली होती. मामाजी उठले. "चाला, त्याच्या घरी जाऊ. मी काई बोलत नाई, निस्ता बसतो. बोलाचं तुमी."

त्या दुपारी दुर्गच्या बाजारात ते दुकान बंद होतं, आणि ठेकेदाराच्या ओसरीवर आम्ही तिघं आणि फडक्यातला रेडिओ, असे चौघं बसलो होतो. ठेकेदार म्हणाला, "मुदत संपली शेटजी." दुकानदार ताडकन म्हणाला, "कोणाची संपली? खरा पाऊस तर यंदाच पडला. बोली केली तेव्हा तुम्ही समोर होता, मी कॅलेंडर नाही ओळखत." आणि मग स्वतःचंच बोलणं कानावर पडल्यासारखं त्यानं फडक्यातल्या रेडिओकडे पाहिलं. मामाजी भिंतीचा गिलावा पाहत होते. संध्याकाळी ठेकेदारानं छत दुरुस्त करायचं कबूल केलं. परतताना वाटेत दुकानदारानं मामाजींच्या हातातून ते गाठोडं घेतलं. नागपूरहून आतला काचेचा नवा व्हॉल्व मागवला, बसवला, आणि रेडिओ घेऊन स्वतः आमच्या दारी आला.

घाटावरची मुलगी तोवर पलीकडे पोचून म्हातारी झाली असावी, तिचं काय झालं मला अजून ठाऊक नाही. दुसरी गोष्ट सुरू होती. मामाजी त्या रविवारी आले, थोडा वेळ ऐकलं, आणि म्हणाले, "बाईचं बोलणं लई गुळगुळीत हाय, माह्या हाती नाई लागत. तू आठवडाभर आयक आणि मले आपल्या बोलीत सांग." तेव्हापासून दर रविवारी ते भिंतीला टेकून डोळे मिटून बसत आणि मी सांगत असे. विसरले तिथे मनाचं जोडायची. आज ही दुसरीपर्यंत शिकलेली बाई चार ओळी लिहिते, ती अशी सांगता सांगता शिकली. मी थांबले की डोळे न उघडता ते विचारायचे, "मंग?"

पाय थकले तेव्हा ते गावी परतले आणि तिथेच गेले. मी मात्र लिहिताना अजून मध्येच थांबते, पेन खाली ठेवते, आणि उगाच थोडा वेळ वाट पाहते, कोणी तेवढं "मंग?" म्हणेल म्हणून.