चौथ्या मजल्यावरच्या फुल्या

फुल्या मी सकाळीच मारून ठेवल्या होत्या. नऊ खोल्या आणि दोन स्वच्छतागृहं, मिळून अकरा दारं, आणि प्रत्येक दारावर, जमिनीपासून हातभर उंचीवर, खडूची एकेक पांढरी फुली. ‘मी आत जाऊन बघितलंय, इथे कुणीही उरलेलं नाही,’ असा त्या फुलीचा अर्थ. मी एकाही दारात डोकावलो नव्हतो. दुपारी तीनला सायरन वाजणार, इमारत रिकामी करायची तालीम होणार, तेव्हा घाईत वाकावाकी नको म्हणून सकाळच्या मोकळ्या तासाला एक प्लास्टिकचं स्टूल सरकवत सरकवत मी हे काम उरकून टाकलं होतं. साडेतीनच्या सुमारास आमचे केअरटेकर जनूभाऊ म्हात्रे त्यातल्याच एका दारामागे सापडले. याला आता सहा आठवडे होतील...

आमच्या विद्यापीठाची भाईंदर पूर्वेतली ही इमारत चार मजल्यांची. मी तिथे मराठी शिकवतो, म्हणजे निदान बोलतो तरी. जनूभाऊ काशीगावचे. आजोबांची भातशेती, वडिलांचं मिठागर, आणि आता त्या जमिनीवर टॉवर. त्यांनी मात्र खाकी पँट चढवून आमच्या इमारतीचे पंप, जिने, दिवे आणि लाल सिलिंडर सांभाळायची नोकरी धरली ती शेवटपर्यंत. वर्षातून दोनदा ते तालीम घ्यायचे. वरून परिपत्रक येवो न येवो, सायरन वाजायचा म्हणजे वाजायचा.

माझी त्यांची ओळख मी मेल्यावर झाली. म्हणजे असं, की मी इथे रुजू झालो त्या वर्षीची पहिली तालीम. सायरन झाला, वर्गातली मुलं शहाण्यासारखी जिन्याकडे वळली, आणि मी, गिरगावातली खोली विकून भाईंदरच्याच इंद्रलोक भागात लिफ्टवाल्या सोसायटीत नुकताच राहायला आलेला माणूस, सरळ लिफ्टमध्ये शिरलो. आगीच्या वेळी लिफ्ट वापरू नये, अशी पाटी लिफ्टच्या शेजारीच होती. तिच्यात शुद्धलेखनाच्या दोन चुका होत्या, तेवढ्या माझ्या लक्षात आल्या होत्या. सायरननंतर लिफ्टची वीज तोडायची हा जनूभाऊंचा नियम. दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मधोमध, काळोखात, मी ‘वाचवा, वाचवा’ असा जो टाहो फोडला तो म्हणे खाली मैदानात जमलेल्या झाडून सगळ्या मुलांना ऐकू गेला. थोड्या वेळाने दाराच्या फटीतून टॉर्चचा उजेड आला.

“कोन? मराठीचे नवीन सर का? सर, तुमी वारलात.”

“अहो, दार उघडा!”

“उघडतो की. तालीम संपू द्या. मेलेल्या मानसानं वरडायचं न्हाय, बाकीचे घाबरतात.”

पंधरा मिनिटं मी मेलेला राहिलो. नंतर त्यांनी बाहेर काढलं, स्वतःच्या पैशाने कटिंग पाजला आणि तिथल्या तिथे मला चौथ्या मजल्याचा मजलाप्रमुख करून टाकलं. एकदा लिफ्टमध्ये मेलेला माणूस पुन्हा लिफ्टमध्ये शिरत नाही, असा त्यांचा तर्क. तो खरा ठरला. लिफ्टमध्ये मी पुन्हा शिरलो नाही. बाकी माझ्या हातून काय काय होऊ शकतं याचा अंदाज त्यांना आला नसावा, असं मला परवापर्यंत वाटत होतं.

तालमीच्या आदल्या आठवड्यात ते आम्हा चार मजलाप्रमुखांना पंपाच्या खोलीत बोलवायचे. तिथे खुर्च्या नव्हत्या, त्यामुळे सभा आटोपशीर व्हायची. धूर वर साचतो, म्हणून खाली बसून रांगत कसं जायचं हे ते स्वतः फरशीवर रांगून दाखवायचे. फुली गुडघ्याच्या उंचीवर का, तर रांगणाऱ्या माणसाला तीच दिसते. मागून शोधायला येणाऱ्याने फुलीचं दार सोडून पुढच्या दाराकडे जायचं, म्हणजे वेळ वाचतो. दुसऱ्या मजल्यावर कुबड्या घेऊन येणारी एक मुलगी होती. तिला कोणत्या दोघांनी उचलून न्यायचं, हे त्यांनी तिलाच निवडायला लावलं होतं. सामान घ्यायचं नाही, मोबाइलसुद्धा नाही, हा नियम मुलांना पटत नसे, म्हणून ते आपला मोबाइल सगळ्यांसमोर टेबलावर ठेवून निघायचे. हे सगळं कुठे शिकलात, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, “मिठागरात. भरतीनं बांध फुटला की बाप एकेकाला हाक मारायचा. ओ आली की पुढल्याला. न्हाय आली की परत पान्यात.” मग खडूचा तुकडा माझ्या हातावर ठेवत म्हणाले, “ज्याला ओ देता येते तो आपला आपन खाली येतो, सर. आपन दार उघडायचं ते ओ न देनाऱ्यासाठी.” मी यावर काहीतरी विनोद केला. कोणता ते आठवत नाही, पण ते खूप हसले होते. त्यांना हसवणं सोपं होतं आणि मला ते फार आवडायचं... त्यांच्या नियमातून निसटायचा माझा रस्ता तिथूनच जायचा. एकदा मी मोजणीत स्वतःलाच धरायला विसरलो, एकदा मैदानाऐवजी समोरच्या वडापावच्या गाडीवर ‘सुरक्षित’ पोहोचलो. प्रत्येक वेळी पंपाच्या खोलीत माझी नक्कल मीच करून दाखवली आणि प्रत्येक वेळी ते पोट धरून हसले. तिसऱ्या मजल्याच्या प्रमुख जिग्नाबेन, हिशेब विभागातल्या. त्या मात्र हसायच्या नाहीत. प्रत्येक खोलीत शिरून, टेबलाखाली वाकून बघून, घामाघूम होऊन खाली यायच्या आणि माझ्या कोरड्या शर्टाकडे बघायच्या.

त्या दिवशी सायरन झाला. मी कॉरिडॉरमध्ये उभं राहून दोन वेळा ‘चला, चला’ म्हटलं आणि मुलांच्या मागोमाग जिना उतरलो. मैदानात जनूभाऊ नव्हते. पंप बंद करायला गेले असतील, असं सगळ्यांनीच धरलं. यादी जिग्नाबेनच्या हातात होती. “चौथा?” त्यांनी विचारलं. “रिकामा,” मी म्हटलं. आजवरची सगळ्यात जलद तालीम झाली होती. मुलांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. मग आम्ही त्यांची वाट बघत उभे राहिलो, कारण तालीम संपली असं तेच जाहीर करायचे. कुणीतरी फोन लावला. मोबाइल नेहमीसारखा टेबलावर वाजत होता. वॉचमन तिवारी शोधायला वर गेला, गच्चीपर्यंत जाऊन आला. “ऊपर सब पे क्रॉस है,” तो म्हणाला, आणि जनूभाऊंनीच शिकवल्याप्रमाणे एकही फुलीचं दार न उघडता तळघराकडे धावला. तेव्हा जिग्नाबेन माझ्याजवळ आल्या. हळूच म्हणाल्या, “सर, आपने अंदर जाके देखा था ना?”

इथे मला बोलता आलं असतं. शंभर माणसांसमोर फजिती झाली असती, आणि फजितीची मला सवय होती. मी म्हटलं, “हो, म्हणजे काय!”

तळघर झालं, पंपाची खोली झाली, मागची गल्ली झाली. मला मात्र उभं राहवेना. मी कुणाला न सांगता जिना चढलो. चार मजले, धापा टाकत. पहिल्या दारापासून उघडत गेलो. शेवटची खोली जुन्या उत्तरपत्रिकांची. तिथे ते कपाटाला पाठ टेकून फरशीवर बसले होते, पाय समोर पसरलेले, चष्मा कपाळावर ढकललेला, दमल्यावर बसत तसे. मी गुडघ्यावर बसून हाक मारली. ओ आली नाही. हात धरला, तो गार लागला की माझाच गार पडला होता, ते आजही सांगता येत नाही. माणसं बोलवायला मी दाराबाहेर आलो, आणि समोर ती फुली. सकाळची, ठसठशीत.

आधी मी रुमाल काढून ती पुसली. मग ओरडलो.

हृदयविकाराचा झटका मोठा होता, असं डॉक्टरांनी सांगितलं. लवकर सापडले असते तर वाचले असते का, यावर ते म्हणाले की नक्की काहीच सांगता येणार नाही. ‘नाही’ म्हणाले असते तर मी त्यांचे पाय धरले असते. ‘हो’ म्हणाले असते तरी एक निकाल लागला असता. त्यांनी मला पुन्हा दोन मजल्यांच्या मधोमध अडकवून ठेवलं, आणि या वेळी फटीतून टॉर्च दाखवायला कुणी नव्हतं.

तिवारीला मेमो मिळाला. शेवटच्या खोलीवर फुली नसताना त्याने ती तपासली कशी नाही, असा. “साहब, था क्रॉस. माँ की कसम, था,” तो प्रत्येकाला सांगत होता, मलाही सांगितलं, आणि मी त्याच्या खांद्यावर हात ठेवून मान हलवली. माझ्या फजितीच्या गोष्टी मी तीस वर्षं लोकांना सांगत आलोय. त्या सांगून होतात तोवर मी त्यांतून सुटलेला असतो. ही सांगायला मला अकरा दिवस लागले. बाराव्या दिवशी कार्यालयात लेखी दिलं. तिवारीचा मेमो मागे घेतला गेला, माझी चौकशी सुरू आहे आणि ती व्हायलाच हवी.

पण ते दार आहे तिथेच आहे. रुमालाने फुली नीट पुसली जात नाही, खडू पसरतो, हे तीस वर्षं फळा पुसणाऱ्या माणसाला माहीत असायला हवं होतं. तिथे आता एक पांढुरका धब्बा आहे, आणि दुपारचं ऊन कॉरिडॉरमध्ये तिरकं आलं की त्यातले दोन दांडे पुन्हा दिसू लागतात. कुणी पुसत नाही. मीही नाही. दुपारी तीनच्या सुमारास चौथ्या मजल्यावर मी शिकवत असलो की बाहेरून कुणीतरी एकेका दारावर बोटांच्या पेरांनी तीनदा वाजवत येतंय, असा आवाज येतो. मुलांना येत नाही, मी विचारून बघितलंय. ती टकटक माझ्या वर्गाच्या दाराशी येते आणि थांबते. आत यायचं की नाही ते ठरवत असल्यासारखी... मी बोलत राहतो. घरी मी बंद दार दिसलं की वाजवतो. बायको न्हाणीघरातून ओरडते, “अहो, आहे मी! जिवंत आहे!” तरी ओ आली म्हणजे माणूस आहे, एवढ्यावर माझं भागत नाही. ती बाहेर येईपर्यंत मी तिथेच उभा असतो.

गेल्या रविवारी काशीगावात गेलो. जनूभाऊंच्या पत्नी ओटीवर सुकट निवडत बसल्या होत्या. मी समोर बसलो आणि सांगितलं. फुल्या, खोटं बोललो ते, रुमाल, सगळं. त्या निवडत होत्या. हात एकदाही थांबला नाही.

“ह्यांना ठाव व्हतं,” त्या म्हणाल्या.

मला कळेना. “काय ठाऊक होतं?”

“तुमी बघत न्हाय त्ये. म्हनायचं, सरांच्या फुल्या लय सरळ असतात. घाईत मारलेली फुली अशी येत न्हाय. म्हनून सायरन झाला की मागल्या जिन्यानं ह्ये सोता चवथ्या माल्यावर चढायचं. दर टायमाला. बाकीच्या माल्यांवर कदी गेले न्हाय.” सुपातलं त्यांनी एकदा झटकलं. “डागदरनी जिनं चढू नका म्हनून सांगितलेलं. गेल्या वर्सापासून.”

इतकी वर्षं. वर्षातून दोनदा... मी त्या मैदानात उभा राहून ते पंपाच्या खोलीत आहेत असं समजायचो, आणि ते माझ्या मजल्यावर माझी दारं उघडत असायचे. आणि नंतर खाली येऊन माझ्या नकलेवर हसायचे. मी कसंबसं विचारलं, “मग मला बोलले का नाहीत? काढून का नाही टाकलं?”

“मी सांगितलेलं, काढा त्याला. तर म्हनायचं, ऱ्हाऊ दे, मानूस हसवतो.”

आतून कुकरची शिट्टी झाली. मी निघताना चपला घालता घालता विचारलं, की वर्तमानपत्राच्या पुरवणीसाठी मला त्यांच्यावर लिहायला सांगितलंय, हे सगळं लिहिलं तर चालेल का, काहीही न लपवता. त्यांनी पहिल्यांदा सूप खाली ठेवलं आणि माझ्याकडे बघितलं.

“लिवा. पन त्यात लोकांना हसवू नका. त्यावरच सुटलात तुमी इतकी वर्सं.”