दोघींची तपासणी

त्या सोमवारी मी घरून काम करत होते, पण उभ्याने. कात्रजच्या आमच्या फ्लॅटमध्ये ओट्यावर लॅपटॉप ठेवून खराडीच्या ऑफिसची मीटिंग चालली होती. ती संपल्यावर सासूबाई म्हणाल्या, "खुर्च्या ऑफिसात जमा केल्यास का?"

मला बसवत नव्हतं. दहा-बारा दिवस योनीत खाज होती, पांढरं जात होतं. डॉक्टरकडे जायची लाज वाटत होती. मग एका व्हिडिओत बघून टी ट्री तेल खोबरेलात मिसळलं आणि कापसाने आत लावलं. नैसर्गिक आहे, त्याने काय होणार, असं वाटलं होतं. पाचच मिनिटांत आग सुरू झाली. दोन दिवस लघवीला जायचीसुद्धा भीती वाटत होती.

मी खाली बघत हे सगळं सांगून टाकलं. वाटलं, आता ऐकवतील. त्यांनी गॅस बंद केला. "साडी बदलते. आपण जाऊन येऊ."

डॉक्टरबाईंनी तपासलं, स्राव तपासायला घेतला. "बुरशीचा संसर्ग दिसतोय. खूप जणींना होतो, त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण तेलाने आतली नाजूक त्वचा भाजली आहे. दही, लसूण, व्हिनेगर, काहीही आत घालायचं नाही."

"तुरटीचं पाणी?" सासूबाईंनी विचारलं.

मला वाटलं, माझ्यासाठीच विचारताहेत.

"कोण वापरतं?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"मी. सहा महिने झाले. जळजळ थांबत नाही." मग अगदी हळू म्हणाल्या, "कॅन्सर असेल म्हणून आले नाही."

ते सहाही महिने आम्ही एकाच घरात होतो. मी त्यांचा हात धरला.

डॉक्टरबाईंनी त्यांनाही आत नेलं. मी बाहेर बसून, म्हणजे एका कुशीवर कलून, दाराकडे बघत राहिले. त्या पदर सारखा करत बाहेर आल्या.

"पाळी गेल्यावर येतो तो कोरडेपणा आहे. तुरटीने वाढवून ठेवलाय म्हणाल्या डॉक्टरबाई. खात्रीसाठी एक तपासणी केलीय, पण काळजीचं काही दिसत नाही." आणि तिथेच, बाकावर बसून, त्या रडल्या.

डॉक्टरबाईंच्या औषधाने आठवड्याभरात मला बरं वाटलं. त्यांचा रिपोर्टही चांगला आला. तो हातात घेऊन त्या माझ्या खोलीत आल्या, दार लावलं आणि म्हणाल्या, "वाच परत एकदा. मोठ्याने."

मी वाचला.