गिओनच्या गल्लीतले मामा

पारोळ्याच्या माझ्या मामांना एका जागी बसलेलं पाहणारा माणूस अजून जन्माला यायचा आहे. दाढी करायला गेले तर अर्ध्या गालाच्या साबणासकट उठून रस्त्यावरच्या कुणाला तरी हाक मारतात. लग्नाच्या पंगतीत पहिला घास घेतात न घेतात तोच वाढप्याच्या हातातली बादली काढून घेतात. गाडीत बसले की गाडी सुटेपर्यंत खाली आणि सुटली की दारात. हे सगळं कशासाठी, तर ओळखी काढायला. समोरचा माणूस कुठला, कुणाचा, त्याची आत्या दोंडाईच्याला दिली का, एवढं कळलं की मामांचा जीव भांड्यात पडतो. “भाचा, बठ्ठा जग वळखवर चालस,” असं ते मला लहानपणापासून सांगत आले आहेत. दवाखान्यातला नंबर असो की देवळातली रांग, मामांच्या ओळखीपुढे ती आपोआप सरकते. मामी मात्र त्यांच्या मागून सावकाश चालत असतात. त्यांचे गुडघे कुरकुरतात, आणि हातात मामांचा डबा, पाण्याची बाटली, विसरलेला चष्मा असतो.

या मामींनी आयुष्यात एकच हट्ट धरला. टीव्हीवर जपानच्या गेशांचा नाच दाखवत होते, तो बघता बघता त्या म्हणाल्या, “हाई एकदाव समोर बसीसन देखानं शे.” मामींनी काही मागितलं, या धक्क्यानेच मामांनी शेतातल्या केळीचे पैसे हाती येताच सहलीत नावं घातली आणि सोबतीला म्हणून धुळ्याहून मलाही ओढलं. विमानात ते जेमतेम टेकले. हवाईसुंदरीने हात जोडले तेव्हा कुठे पट्टा लावला.

क्योटोतला गिओन हा गेशांचा जुना भाग. अरुंद गल्ल्या, लाकडी घरं, दारांवर कागदी कंदील. आमच्या गाइडने तिथे पोचताच सांगून टाकलं की हा मोसम जाहीर कार्यक्रमांचा नाही, आणि गेशा नाचतात त्या आतल्या चहाघरांमध्ये जुन्या गिऱ्हाइकाची ओळख असल्याशिवाय पैसे मोजले तरी घेत नाहीत. मला वाटलं मामा खचतील. त्यांचा चेहरा उलट खुलला. “बरोबर शे! अनोळखी मानूसले घरमा कशाला लेवानं?” आपल्या विचाराचा मुलूख भेटल्याच्या आनंदात ते ओळख काढायला निघाले. मामींना एका कट्ट्याशी उभं केलं आणि दुकानदार, रिक्षा ओढणारा, कुत्रं फिरवणारे म्हातारबाबा, सगळ्यांना केळीचे वेफर्स वाटत सुटले. सगळ्यांनी वाकून वाकून वेफर्स घेतले. ओळख मात्र कुणी दिली नाही. संध्याकाळ होत आली, दुसऱ्या दिवशी सकाळी आम्हाला निघायचं होतं, आणि मामींचा हट्ट तसाच उभा होता, कट्ट्याशी.

इतक्यात एका घरापुढे एक वयस्क बाई बादलीतून ओगराळ्याने अंगणात पाणी शिंपडताना दिसली. हलक्या हाताने, धूळ बसावी म्हणून दगड नुसते ओले होतील एवढंच. मामांना ते बघवेना. “एवढा पानीमा धूय बसस का?” म्हणत त्यांनी बादली हातात घेतली आणि पारोळ्यात उन्हाळ्यात मारतात तसा पाण्याचा फटकारा मारला. नेमकं त्याच क्षणी दार सरकलं आणि पांढरा चेहरा, केसांत फुलं अशी एक कोवळी शिकाऊ गेशा बाहेर पडली. रेशमी झग्याचा काठ चिंब झाला. मी तर डोळेच मिटले. मामा बादली धरून पुतळ्यासारखे उभे. तेवढ्यात मामी पुढे झाल्या, गुडघे टेकून खाली बसल्या आणि लुगड्याच्या पदराने त्या मुलीच्या काठातलं पाणी टिपू लागल्या, घासून नाही, दाबून दाबून. मुलगी वाकली, मामींकडे बघून हसली आणि कामाच्या घाईत लगबगीने निघून गेली. मामींना मात्र उठता येईना. त्या वयस्क बाईने त्यांना हाताला धरून उठवलं आणि दाराच्या आत नेलं. मामा मागोमाग निघाले, तर तिने नम्रपणे वाकून दार लावून घेतलं.

मग मामांनी जे केलं ते मी पूर्वी कधी पाहिलं नव्हतं. ते वाट बघत राहिले. दारापुढे येरझारा घातल्या, बादली जागेवर ठेवली, परत उचलली, मला विचारलं, “काय करी ऱ्हायनी व्हई ती?” कंदील लागले. अखेर मामी बाहेर आल्या. आत नाच नव्हता, गाणं नव्हतं. उंबऱ्याजवळच्या पायरीवर बसवून त्या बाईने चहा दिला होता. मामांनी अधीरपणे विचारलं, “काय बोलनी ती?”

“माले काय समजस?” मामी म्हणाल्या. “पन उठाले लागनू का हात धरे आनी बसाडे. इतला वरीसमा माले कोनीच बस म्हने नही.”

मामांनी मामींच्या हातातली पिशवी आणि बाटली घेतली आणि सहलीच्या बसपर्यंत त्यांच्या चालीने चालत आले. ती चाल त्यांना किती जड गेली ते मला दिसत होतं.

पारोळ्यात मामांची धावपळ अजून तशीच आहे. पण हल्ली कुणाच्याही घरी गेले की आधी मागे वळून बघतात आणि मामी बसेपर्यंत गप्प उभे राहतात. लोक हसतात. मला हसू येत नाही. मामींना आता एकदा बसलं की आधाराशिवाय उठवत नाही, आणि त्यांना आधी बसवायला हवं हे मामांना इतक्या उशिरा कळलं याचं मला वाईट वाटतं.