मोठ्या आईचा अर्धा मोर

माझी मोठी आई, म्हणजे वडिलांच्या मोठ्या भावाची बायको, कुठलंही चित्र खालून वर रंगवायची. समोर मोर असो, महाल असो की फुलांची परडी, ती पानाच्या खालच्या कडेपासून सुरुवात करी आणि बोटभर उंचीचा पट्टा डावीकडून उजवीकडे पूर्ण भरून काढी. पट्ट्यात गवत आलं की हिरवी पेन्सिल, मध्येच कमळाचा देठ आला की दुसरी हिरवी, बदकाचा पाय आला की नारिंगी, मग पुन्हा गवत. तो पट्टा संपल्याशिवाय वर हात जात नसे. आपण सगळे आधी मोराचा डोळा नाहीतर पिसारा रंगवून मोकळे होतो आणि मागच्या आभाळाचा कंटाळा करतो. तिला हे अगदी बेशिस्त वाटायचं. "पानातला गुलाबजाम पयले उचलणारे लोक तुम्ही," असं ती मला म्हणायची. माझ्या पोटाकडे पाहून हे कोणालाही पटलं असतं.

तिचं माहेर उमरेडचं, विणकरांचं. घरात हातमाग होते तोवर वडील माग चालवत आणि ही दिवसभर कांड्यांवर सूत भरून देई. मागावर कापड विणणाऱ्याच्या पोटाशी सुरू होतं आणि एकेक धाग्यानं पुढे सरकत जातं. आधी मधलं फूल विणून घेऊ, कडेचं नंतर बघू, अशी सोय तिथे नसते. माग कधीच गेले. भाऊ कोणी दुकानात लागले, कोणी रिक्षा घेतली, ही लग्न होऊन नागपुरात प्रताप नगरला आली. पण कुठलीही गोष्ट खालच्या काठापासून सुरू होते ही समजूत तिच्या हाडात राहिली. केरसुद्धा ती खोलीच्या एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत पट्ट्यापट्ट्यानं काढी. मध्ये कोणी खुर्ची टाकून बसला असेल तर त्याची धडगत नव्हती.

ती जाऊन आता दोन वर्षं होतील. मी सांगतोय ती गोष्ट त्याच्याही आधीची. त्या वर्षी उन्हाळा संपता संपता तिच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. पाय लवकर सावरला, जीभ तर एक दिवसही अडखळली नाही, पण उजवा हात रुसून बसला. मोठे बाबा आधीच गेले होते, घरात ती एकटीच. मुलगा प्रशांत बंगलोरला कॉम्प्युटरच्या कंपनीत. तो धावत आला, महिनाभर राहिला आणि जाताना सांगून गेला, "आई, दिवाळीला येतो तेव्हा तुला घेऊनच जाणार." ती म्हणाली, "दिवाळीपर्यंत हात सुधरला तर?" तो म्हणाला, "सुधारला तर बघू." मुलगा 'बघू' म्हणाला म्हणजे त्याचं ठरलेलं आहे, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तो गेल्यावर ती मला म्हणाली, "तो मले थ्या सतराव्या मजल्यावर नेऊन ठेवीन. खाली पाह्यलं तं माणसं मुंग्यांसारखी, वर पाह्यलं तं पंखा. मी काय करू गा तिथी?"

हाताला व्यायाम द्यायला येणाऱ्या मुलीनं सुचवलं की मोठ्या माणसांसाठी रंगवायची पुस्तकं मिळतात, त्यानं बोटं मोकळी होतात. ते आणायचं काम माझ्याकडे आलं, कारण मी दोन गल्ल्या सोडून राहतो आणि माझ्या बायकोच्या मते मला दुसरं काम नसतं. मी आणलेल्या पहिल्या पुस्तकात सफरचंद, चेंडू आणि मांजर होतं. मोठ्या आईनं ते उलटंपालटं करून पाहिलं. "काहून गा, मले बालवाडीत घालून राहिला काय?" मग मी दुसऱ्या टोकाला गेलो आणि बारीक जाळीच्या मंडलांचं, म्हणजे गोल नक्षीचं, पुस्तक आणलं. इतकी बारीक की चष्मा लावून मलाच गरगरलं. ती म्हणाली, "ह्याच्यात रंग भराले मुंगीचा हात पाहिजे. माह्या हाताले तं आता मोठा दरवाजा दिसत नाई." तिसऱ्यात चित्रं बरी होती, पण पानाच्या दोन्ही बाजूंना छापलेली, आणि सोबत मी हौसेनं स्केचपेनांचा डबा घेतलेला. तिनं एका बाजूला लाल गुलाब भरला तर मागच्या सशाला गोवर निघाला. तेव्हा तिनं माझा राजीनामा मागितला आणि ती स्वतःच माझ्या स्कूटरवर बसून सीताबर्डीला आली.

तिथल्या दुकानदाराची मला अजून दया येते. तिनं पुस्तक उघडून चित्र पाहिलंच नाही. पानाचा कोपरा अंगठा आणि बोटात धरून चोळला, कानाशी नेऊन फडफडवला आणि ट्यूबलाइटसमोर धरून मागचं दिसतं का ते पाहिलं. मग डाव्या हाताचं बोट ओलं करून कोपऱ्यात टेकवणार, तेवढ्यात तो दुकानदार कळवळला, "माताजी, ये किताब है, कपडा नहीं है."

"इसीलिए तो देख रही हूं बाबू," ती म्हणाली. "कपडा होता तो आंख मूंद के बता देती."

शेवटी तिनं निवडलं ते पुस्तक जाड कागदाचं, एकाच बाजूला छापलेलं आणि तारेच्या बांधणीचं होतं. पान टेबलावर सपाट पडायला हवं, पोट फुगवून वर यायला नको, असं तिनं मला समजावलं आणि माझ्या शर्टाच्या गुंड्यांकडे विनाकारण पाहिलं. चित्रं ना बारीक ना ढोबळ. त्यातच तो मोर होता. खाली गवत, मग कमळाचं तळं, काठावर बदकं, मध्यभागी मोर, वर आंब्याची फांदी आणि आभाळ. "हा दिवाळीपर्यंत पूर्ण करतो," ती म्हणाली. "प्रशांतच्या हातात देतो. मंग पाहू तो काय म्हणते." तोपर्यंत तो हाताचा व्यायाम होता, आता ती परीक्षा झाली होती.

पेन्सिलींचाही असाच घोळ. टणक शिशाची पेन्सिल जोर लावल्याशिवाय रंग सोडत नसे आणि जोर तर हातात नव्हता. मऊ शिशाची रंग छान द्यायची, पण टोक सारखं मोडायचं. गोल पेन्सिली टेबलावरून घरंगळत, आणि ही दर दोन इंचांना रंग बदलणार, म्हणजे तिचा निम्मा वेळ टेबलाखाली जायचा. मऊ शिशाच्या, जाड, तीन धारांच्या पेन्सिली सापडल्या तेव्हा कुठे गाडी रुळावर आली. टोक काढायला मात्र तिचा हात वळेना. ती नोकरी मला लागली. रोज संध्याकाळी ऑफिसातून येताना मी तिच्याकडे जाई आणि टोकं काढी. टोक फार अणकुचीदार झालं तर कागद ओरबाडला जातो, बोथट राहिलं तर रेघेबाहेर जातं. बावीस वर्षं विमा विकलेल्या माणसाला एवढी बोलणी कुठल्या ग्राहकानं दिली नव्हती.

खालून वर जाण्यात एक अडचण होती. मनगट नेमकं भरलेल्या भागावर टेकायचं आणि गवत कमळावर चढायचं. मी म्हटलं, "मग वरून खाली ये ना." ती माझ्याकडे अशी पाहत राहिली की जणू मी डोक्यावर उभं राहून जेवायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी तिनं एका जुन्या लग्नपत्रिकेचा गुळगुळीत पुठ्ठा मनगटाखाली घेतला आणि प्रश्न मिटवला. ती पत्रिका माझ्याच लग्नाची होती. "कामी आली एकदाची," ती म्हणाली. माझी बायको शेजारीच बसली होती. तिनंही मान डोलावली.

एकदा मोराच्या पायाशी आल्यावर ती बराच वेळ डब्याकडे पाहत बसली. मी विचारलं, काय झालं. तर म्हणाली, "आमच्याकडं रंग शेठ ठरवे. सूत त्याचं, रंग त्याचा. बाबा विणत, मी कांड्या भरो. हजारो कांड्या भरल्या असतीन गा, पण ह्याच्यावाणी बसून कोणता रंग घेऊ असं कोणी इचारलं नाई." मग तिनं मोराच्या पायाला चक्क गुलाबी रंग दिला. मी म्हटलं, मोराचे पाय असे नसतात. ती म्हणाली, "ह्याचे हायेत."

नवरात्र आलं तरी मोर छातीपर्यंतच होता. एक पट्टा भरायला तिला तीन-चार दिवस लागत. हात दमला की ती पेन्सिल ठेवून देई, डाव्या हातानं एक रेघ ओढत नसे. दसऱ्याला सोनं द्यायला गेलो तेव्हा मला राहवलं नाही. म्हटलं, "वरचं आभाळ मी भरून देतो. प्रशांतला काय कळणार?"

"तू भरलेलं आभाळ पाह्यलं," ती म्हणाली, "तं त्याले वाटंन मले दुसरा झटका आला."

धनत्रयोदशीला प्रशांत आला. खिशात परतीची दोन तिकिटं होती, हे त्यानं मला फाटकातच सांगितलं. मोठ्या आईनं स्वतः चहा केला, स्वतः कपात ओतला. थोडा बशीत सांडला. प्रशांत बशीकडे पाहत राहिला आणि मी छताकडे. मग तिनं पुस्तक आणून त्याच्यापुढे उघडून ठेवलं. मोर मानेच्या सुरुवातीपर्यंत आला होता. त्याच्यावर डोकं नाही, तुरा नाही, फांदी नाही, आभाळ नाही, नुसत्या काळ्या रेघा.

"अर्धाच झाला," ती म्हणाली. एवढ्या दिवसांत तिचा आवाज पडलेला मी तेवढाच ऐकला.

मी वकिली सुरू केली. शिसं मऊ होतं, पावसाळ्यात कागद दमट होता, टोकं माझीच वाईट होती. प्रशांतचं माझ्याकडे लक्ष नव्हतं. तो त्या पानावर वाकला होता. तळाचं गवत सैरावैरा, केस पिंजारल्यासारखं, रेघांच्या बाहेर जाऊन कडेला लागलेलं. त्यानं त्यावर बोट ठेवलं.

"हे कधीचं?"

"आखाडातलं."

बोट कमळांवर आलं. पाकळ्यांतून रंग बाहेर येत होता, पण थोडा. "हे?"

"गणपती बसले होते तवाचं."

बदकं, गुलाबी पाय, पोट. बोट वर सरकत होतं आणि रंग हळूहळू रेघेच्या आत जात होता. छातीवरच्या पिसांचे छोटे खवले त्यानं डोळ्यांजवळ नेऊन पाहिले. एकही बाहेर गेलेला नव्हता.

"आणि हे?"

"काल सकाळचं."

आपण सगळे रंगवतो तसा तिनं मोर रंगवला असता, तर इथला पंख पावसाळ्यातला, तिथला डोळा दसऱ्यातला, आणि कोणाला काही कळलं नसतं. मग त्यानं शेवटचा मुद्दा काढला, "आई, पण उद्या पुन्हा काही झालं तर?"

मोठ्या आईनं पुस्तक आपल्याकडे ओढलं. "वरचं कोरं हाय ना, थे कोरं राहू दे. तिथी पोचलो का मंग पाहू."

भाऊबीज झाल्यावर प्रशांतनं एक तिकीट रद्द केलं. जाण्याआधी त्यानं रात्री सोबतीला एक बाई ठरवली, न्हाणीघरात धरायला दांडे बसवून घेतले, माझा नंबर आईच्या फोनमध्ये सगळ्यात वर टाकला आणि मला बाजूला घेऊन अशा सूचना दिल्या की मीच आजारी असावा. मग गाडी आली. तो तिच्या पाया पडला, तिनं उजवा हात त्याच्या डोक्यावर ठेवला. तो हात तिथे जरा जास्तच वेळ राहिला. गाडी गल्लीच्या टोकाला वळून दिसेनाशी झाली तरी ती फाटकाची कडी धरून तिकडेच पाहत उभी होती. मला वाटलं, आता रडेल. मी जवळ जाऊन तिच्या खांद्यावर हात ठेवला.

"त्या गाडीचा निळा पाह्यला का गा?" ती म्हणाली. "मोराच्या मानेले तोच पाहिजे. आपल्या डब्यात नाई तसा."