कांजिण्यांनंतरचे तीन आठवडे

माझा धाकटा भाऊ चार वर्षांचा असताना त्याला कांजिण्या झाल्या. अमरावतीपासून दोन कोसांवर आमचा भाजीचा मळा होता आणि घरात हुकूम चाले तो आत्याचा. बाबांची ही थोरली बहीण. तिच्यापुढे आईसुद्धा बोलत नसे. कांजिण्या म्हणजे देवी माय घरी आली, म्हणून फोडणी बंद, उशाशी कडुनिंबाचा डहाळा आणि डॉक्टरचं नावही नको. खपल्या धरल्यावर निंबाच्या पाण्यानं न्हाऊ घालून तिनं मायची रीतसर पाठवणी केली. मी आठ वर्षांची. आता फोडणीचं वरण मिळणार म्हणून खुशीत होते.

तिसऱ्या दिवशी भावाच्या पायांवर जांभळे ठिपके उठले. आत्यानं निकाल दिला, "एक माय गेली, दुसरी आली." फोडणी पुन्हा बंद. मला इतका राग आला की मी भावाशी अबोला धरला.

दुपारी त्याचा घोळणा फुटला. डोक्यावर पाणी थापलं, कांदा हुंगवला, पण रक्त थांबेना. बाबांनी बाजारासाठी भरलेली वांग्यांची गाडी रिकामी केली आणि बैल जुंपले.

"माय घरात असताना पोराले दवाखान्यात कावून नेऊन राहिला?" आत्या म्हणाली.

"मायले बी घे, बाई. तू बस संगं."

ती खरंच बसली, डहाळा घेऊन.

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी नाकात कापसाचा बोळा घट्ट भरला, तेव्हा कुठे रक्त थांबलं. ते म्हणाले, "कांजिण्यांनंतर एखाद्याच पोराचं रक्त असं गोठेनासं होतं. बहुतेक पोरं आपोआप बरी होतात. पण तोवर डोकं आपटलं तर जिवावर बेतेल. तीन आठवडे त्याला पडू देऊ नका." डहाळ्याबद्दल ते काहीच बोलले नाहीत. मला ते फार आवडले.

आत्यानं सगळी कामं सोडली. तो खाटेवर उठून बसला की हिचा तळहात त्याच्या डोक्यामागे. मीही अबोला सोडून त्याला गोष्टी सांगू लागले. खरं सांगते, ते दिवस मला सुखाचे वाटतात.

ठिपके पिवळे पडून गेले. डॉक्टरांनी पुन्हा तपासलं आणि आता खेळू द्या म्हणाले. मळ्यात सोडल्याबरोबर तो धावला आणि पाटाच्या कडेला धाडकन पडला. गुडघा फुटला. आम्ही सगळे जागच्या जागी उभे. रक्त आलं, नडगीवर ओघळलं आणि थोड्या वेळानं थांबलं.

आत्यानं वाकून पाहिलं. "गोठलं व," ती आईला म्हणाली आणि तिथेच मातीत बसून ढसाढसा रडली. ज्याला लागलं होतं तो मात्र तिच्याकडे बघत रडायचं विसरला.