फिनेलनं पुसलेली खुर्ची

"ए बाई, ऊठ. खाली उतर."

डॉक्टरांनी हातमोजे ओरबाडून काढले, बादलीत फेकले. आई अजून खुर्चीत आडवी होती, तोंड उघडं ठेवून. मघाशी "या आक्का, बसा" म्हणणारा माणूस आपल्यालाच हे बोलतोय, हे तिला कळलंच नाही.

निपाणीतला दातांचा दवाखाना. आईचा गाल सुजून डोळ्यापर्यंत आला होता. डॉक्टरांनी विचारलं, "कसल्या गोळ्या चालू आहेत?" आईनं खरं सांगितलं. एचआयव्हीच्या. बेळगावहून आणते.

"आधी सांगता येत नाही? लाज नाही वाटत?" मग कामवाल्या बाईला म्हणाले, "खुर्ची फिनेलनं पूस."

दार उघडंच होतं. बाकावरची एक बाई नाकाला पदर लावून म्हणाली, "असली दुखणी घिऊन माणसांत कशाला येत्यात काय की."

आई तोंड झाकून बाहेर आली. "चल गं. बेळगावला जाऊ."

डॉक्टर तंबाखूच्या व्यापाऱ्याच्या घरातले. त्याच तंबाखूच्या विड्या वळून आईची बोटं पिवळी झालीत. विड्या चालतात. आई चालत नाही.

आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. चारचौघांत बोलायची सवय नाही. पण मी वाचलं होतं. रोज नेमानं गोळी घेतली की रक्तातला विषाणू इतका कमी होतो, की जोडीदारालाही लागण होत नाही. आईच्या तपासणीत तो कित्येक वर्षं सापडलेलाच नाही.

मी दारात उभी राहिले.

"सर, आईच्या आधी जे खुर्चीत बसले होते, त्यांचं रक्त तपासलं होतं?"

"काय संबंध?"

"हत्यारं प्रत्येकाला निर्जंतुक करूनच लावता ना? मग आईला का भिता? की निर्जंतुक करतच नाही?"

पदरवाली बाई उठली. "व्हय की हो डॉक्टर. करता न्हवं?"

डॉक्टर लालबुंद झाले. "चालती हो. चार बुकं शिकली आणि मला अक्कल शिकवते."

दात निघाला नाही. बेळगावच्या बसमध्ये आईनं गाल काचेला टेकवला. "पुढच्या खेपेला सांगायचंच न्हाय बघ. गप दात काढून घ्याचा."

"सांगायचं. आणि निपाणीतच काढायचा."

"येडी हाईस काय गं? ऱ्हायाचं हाय तितं आपल्याला."

"म्हणूनच."

एचआयव्ही आहे म्हणून उपचार नाकारायला कायद्यानं बंदी आहे. तक्रार मी करणार, माझ्या नावानं. आजचा दात बेळगावला निघेल, पण आईची शेजारची दाढही किडलीय. ती बेळगावला काढायची नाही. निपाणीतच काढायची. खरं सांगून.