शहापुरातला माग आणि शेजारचा अभ्यास

तडजोड म्हणजे दोघांनीही निम्मे निम्मे सोडणे, असे मी वर्गात वर्षानुवर्षे शिकवले. ते कितपत खरे? या प्रश्नाचा उलगडा बेळगावच्या शहापुरात झाला.

निपाणीहून सकाळच्या बसने निघालो. बेळगावात शहर बस धरली, खिडकीत रमलो आणि शहापूर मागे टाकून थेट खासबागेत उतरलो. उलट चालत आलो, तेव्हा गल्लीच्या तोंडाशीच मागांचा खटखटाट कानी पडला.

माझे मावसभाऊ शंकरअण्णा विणकर. त्यांच्या दारात शेजारच्या सुशीलाक्का उभ्या होत्या.

"अण्णा, माझ्या पल्लवीची पीयूसीची (बारावीची) परीक्षा तोंडावर आलीया. यंदा पोरगी नापास झाली तर तिचे बाबा पुढं शिकवायचे न्हाईत. संध्याकाळचा माग बंद ठेवा की."

"आणि लग्नाच्या ऑर्डरीच्या साड्या कोण विणणार? तू?"

"विणतो की. तुमच्यापेक्षा चांगल्याच व्हतील."

अण्णा माझ्याकडे वळले. "मास्तर, तुम्हीच सांगा."

मी निवाडा दिला: एक तास माग, एक तास शांतता.

दुसऱ्या संध्याकाळी दोन्ही घरे माझ्यावर नाराज. हात बसायच्या आत माग थांबे. गणित सुटायच्या आत पुन्हा सुरू होई. वहिनींनी गरम भाकरी वाढता वाढता सुनावले, "असलं शहाणपण शाळंतच ठिवा, भावजी."

तिसऱ्या संध्याकाळी कांड्या (धोट्यात बसवायची सुताची रिळे) संपल्या आणि माग आपोआप थांबला. वहिनी चरख्यावर कांड्या भरू लागल्या. भिंतीपलीकडून पल्लवीचे पाठांतर स्पष्ट ऐकू आले. पाठोपाठ सुशीलाक्का आल्या.

"वहिनी, दिवसातनं कितीदा असं थांबतंय?"

"लई येळा. भरणारी मी एकटी."

"मग रोज संध्याकाळी मी येतो भरायला. दुसऱ्या दिवसाच्या समद्या कांड्या भरून ठेवू. पोरगी कॉलेजात असताना अण्णांनी न थांबता विणावं, म्हंजे संध्याकाळी माग लावायला नको."

अण्णा चरख्याकडे पाहत राहिले. "बघू, जमतंय का."

"चहा मात्र तुमचा," सुशीलाक्का म्हणाल्या आणि बसल्यादेखील.

मी निघेपर्यंत साड्या ठरल्या वेळी रवाना झाल्या होत्या. उन्हाळ्यात निपाणीला अण्णांचा फोन आला. भर दुपारी माग चालू होता, म्हणून ते ओरडून सांगत होते, "पल्लवी पास झाली, मास्तर. लई मार्कांनी."

निम्मे कुणीच सोडले नाही. फक्त कामाचा क्रम बदलला. हे सर्वत्र लागू पडेलच, असे मी म्हणत नाही. आपल्या शेजारच्या एखाद्या वादात वाचकांनी ते स्वतः पडताळून पाहावे, ही विनंती.